किल्टच्या जोडीला काय घालावे?

मंडळी, गेल्या हिवाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा स्कॉटलंडहून फोन आला. मुलगा आमच्याच तालुक्यातला, ग्लासगो शहरात एका कचेरीत नोकरीला आहे. म्हणाला, "गुरुजी, नाताळाआधी आमच्या कचेरीची मेजवानी आहे. बरोबरचे लोक म्हणतात, यंदा तू किल्ट घाल. घालू का? अन् घातला तर त्याच्यावर काय घालू? बहुरूप्यासारखा दिसलो तर वर्षभर त्यांच्यातच बसायचंय मला." मी पूर्वी एडिंबरात दोन वर्षे शिक्षणासाठी होतो, म्हणून त्याने मला विचारले. त्याला जे सांगितले तेच आज तुम्हांला सांगतो.

किल्ट म्हणजे काय, हे आधी पाहू. आपल्या लष्कराचे पाइप बँड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या वाद्याची माहिती आहे. ते वाद्य ज्या डोंगराळ मुलखात नावारूपाला आले, तिथलाच हा पोशाख. चौकटीचौकटीचे लोकरी कापड, त्याला टार्टन म्हणतात. पूर्ण किल्टला हे कापड सुमारे आठ वार लागते. नऊवारी नेसणाऱ्या आमच्या आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे एक वार कमीच की!" मात्र साडीच्या निऱ्या पुढे, तर किल्टच्या मागे. पुढचा भाग सपाट, एकावर एक दोन पदर, आणि बाजूला चामडी पट्टे व बकले. वरच्या पदराची मोकळी कड उजव्या अंगाला यायला हवी. तो कमरेवर नव्हे, बेंबीच्या उंचीला बांधतात आणि खाली गुडघ्याच्या मध्यावर थांबवतात. लांबी बरोबर आहे की नाही हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. गुडघे टेकून बसावे. कड जमिनीला टेकता टेकता राहिली पाहिजे.

आता हा घागरा म्हणून कोणी हसेल, तर त्याने थोडा इतिहास ऐकावा. 1746 साली कलोडनच्या लढाईत डोंगराळ मुलखातले बंडवाले हरले आणि त्याच वर्षी पार्लमेंटाने कायदा करून तिकडच्या पुरुषांना हा वेश घालायला बंदी केली. सरकारी सैन्यातल्या शिपायांना तेवढी मोकळीक होती. बंदी 1782 साली उठली. पुढे 1822 साली चौथा जॉर्ज राजा एडिंबरला आला, तो स्वतः किल्ट घालून मिरवला. त्या सोहळ्याची आखणी वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराकडे होती. तिथून डोंगरवाल्यांचा हा वेश सगळ्या स्कॉटलंडचा झाला. ज्या कापडासाठी एके काळी तुरुंग होता, ते आज लग्नात आणि मेजवानीत घालतात. म्हणून त्याची थट्टा तिथल्या माणसाने स्वतः केली तर चालते, पाहुण्याने जपून करावी.

पण पाहुण्याने तो घालावा का? माझे मत, खुशाल घालावा. अमुक टार्टन अमुक कुळाचे अशी रीत आहे, पण तसा कायदा नाही. ज्याला कूळ नाही त्याच्यासाठी 'ब्लॅक वॉच' हे गडद निळे-हिरवे टार्टन किंवा गावांच्या, जिल्ह्यांच्या नावांची टार्टने आहेत. तिथल्या शीख लोकांनी तर 'सिंग' नावाचे टार्टन नोंदवून घेतले आहे. सहकाऱ्यांनी आपण होऊन 'घाल' म्हटले, त्यात आणखी विचारायचे काय राहिले?

खरा प्रश्न वरच्या कपड्यांचा. इथे मी त्याला पहिली गोष्ट सांगितली, ती ही की आमंत्रणपत्र नीट वाच. त्यावर काळा बो लावून या असे असेल, तर 'प्रिन्स चार्ली' नावाचा आखूड काळा कोट, तीन गुंड्यांचे जाकीट, पांढरा सदरा आणि काळा बो. हा पोशाख लग्नातल्या नवऱ्याचा म्हणून भाड्याच्या दुकानात सगळ्यांत पुढे टांगलेला असतो आणि नवखा माणूस तोच उचलतो. नेमकी चूक तिथे होते. साध्या मेजवानीत बाकीचे नेकटाय लावून आलेले आणि आपण एकटे नवरदेव! कचेरीच्या संध्याकाळी 'आर्गाइल' कोट किंवा करड्या ट्वीडचा कोट आणि त्याच कापडाचे जाकीट चांगले. त्यावर एकरंगी नेकटाय. किल्टच्या चौकटी मुळात बोलक्या असतात. त्यात नक्षीदार टाय आणि रंगीत सदरा आला की कपड्यांचे भांडण सुरू होते. फारच घरगुती बैठक असेल तर सदरा आणि एकरंगी लोकरी स्वेटरही पुरतो.

किल्टला खिसा नसतो. म्हणून पुढे पट्ट्याने एक बटवा लटकवतात, त्याला स्पॉरन म्हणतात. संध्याकाळच्या थाटाचे स्पॉरन केसाळ कातड्याचे असते. आपल्या मुलाला साधे चामड्याचे बस झाले. नाचताना ते कुल्ल्यावर सरकवायचे, नाहीतर उडी मारली की लागते! (हा अनुभवाचा बोल आहे.) जाकीट घातले असेल तर कमरेला रुंद पट्टा नको.

पायमोजे जाड लोकरीचे, गुडघ्याखाली दुमडलेले. भाड्याच्या पोशाखाबरोबर बहुधा पांढुरके मोजे देतात. मला ते आवडत नाहीत, गडद हिरवे किंवा राखी मागून घ्यावेत. लांब नाड्यांचे 'गिली' बूट मिळाले तर उत्तम, पण काळे, पॉलिश केलेले साधे बूटही चालतात. पदरावरची मोठी पिन फक्त वरच्याच पदराला लावावी; दोन्ही पदरांतून ओवली तर बसताना कापड फाटते. बसताना मागच्या निऱ्यांवरून हात फिरवून मग बसावे. हे आपल्या बायकांना सांगावे लागणार नाही.

उजव्या मोज्यात एक छोटा चाकू खोवतात, 'स्कीन डू' नावाचा. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तो जवळ बाळगायला तिथला कायदा मुभा देतो. तरी मी म्हटले, "बाबा, कचेरीचा पहारेकरी आणि तू, दोघांनाही कशाला ताप? ठेव घरी."

आत काय घालायचे, हेही त्याने लाजत लाजत विचारले. तिकडे यावर हजार विनोद आहेत. मी म्हटले, "कपडा भाड्याचा आहे. चड्डी घाल."

मुलगा करडा कोट, हिरवे मोजे आणि 'ब्लॅक वॉच' घालून गेला. रात्री तिकडचा सामुदायिक नाच झाला, त्यात त्याला जोडीदारणी मिळाल्या आणि पावलेही बरीच चुकली. त्याने आईला फोटो पाठवला. तिने तो गल्लीभर दाखवला आणि मग फोन करून विचारले, "एवढ्या थंडीत गुडघे उघडे टाकून बाहेर उभा राहिलास होय रे?"