ख्रिस्ती श्रमविचार
जीवनातील अग्रक्रम, परिश्रम व ईश्वरावरील भरवसा यांची सांगड घालणारा नीतिविचार. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने अन्नवस्त्राच्या चिंतेपेक्षा ईश्वरी राज्याच्या शोधास अग्रस्थान दिले. तंबू करून चरितार्थ चालविणाऱ्या संत पॉलने आळसाचा निषेध केला. या दोन्ही शिकवणींचा मेळ पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) केडगाव (जि. पुणे) येथील मुक्तिसदनात आढळतो. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराश्रित मुली व स्त्रिया यांना आश्रय देणे हे रमाबाईंनी प्रथम कर्तव्य मानले. निधीचा विचार त्यानंतरचा. ब्रिस्टल येथील अनाथालयाचे संस्थापक जॉर्ज म्यूलर यांच्याप्रमाणे त्या निर्वाहासाठी प्रार्थनेवर विसंबत. तथापि आश्रमातील स्त्रिया शेती, विणकाम, मुद्रण इ. कामे शिकून स्वतः करीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथेच छापले गेले.