रंग बदलणारे रत्न

सरडा रंग बदलतो, पण दगड? १८३० नंतरच्या दशकात रशियातील उरल पर्वतात पाचूच्या खाणींत एक हिरवे रत्न सापडले. मेणबत्तीच्या उजेडात ते चक्क तांबडे दिसे! युवराज अलेक्झांडरच्या नावावरून त्याला ‘अलेक्झांड्राइट’ म्हणू लागले.

बेरिलियम, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांच्या या स्फटिकात थोड्या ॲल्युमिनियमची जागा क्रोमियमने घेतलेली असते. बेरिलियम व क्रोमियम सहसा वेगवेगळ्या खडकांत आढळतात. म्हणूनच हे रत्न दुर्मिळ आहे.

यातील क्रोमियम पिवळा आणि जांभळा प्रकाश शोषून घेते. हिरवा आणि तांबडा मात्र आरपार जाऊ देते. सूर्यप्रकाशात हिरवा प्रकाश भरपूर असतो, शिवाय आपल्या डोळ्यांना तो अधिक जाणवतो. म्हणून दिवसा रत्न हिरवे दिसते. मेणबत्तीच्या किंवा तारेच्या बल्बच्या उजेडात हिरवा भाग कमी व तांबडा जास्त असतो. त्यामुळे तेच रत्न तांबडे दिसते.

म्हणजे रत्न तेच राहते, बदलतो तो त्यावर पडणारा प्रकाश! आता सांगा, कापड घेताना ते दुकानाबाहेर उन्हात नेऊन का पाहतात?