छप्पन्न नकार आणि तीस डॉलर

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ हा तरुण दुकानांचे उंबरे झिजवत होता. भाच्यांना आणि त्यांच्या सवंगड्यांना नीट बेसबॉल खेळता यावा, एवढीच त्याची इच्छा. मैदान मुलांच्या बेताचं केलं होतं: दोन बेसमधलं अंतर मोठ्यांच्या ९० फुटांऐवजी ६० फूट. अडलं होतं ते गणवेशांच्या पैशांवर. ५६ ठिकाणी नकार मिळाल्यावर लायकमिंग डेअरीने ३० डॉलर दिले. ६ जून १९३९ रोजी ‘लिटल लीग’चा पहिला सामना झाला आणि लंडी लंबरच्या संघाने डेअरीच्या संघाचा २३-८ असा फडशा पाडला. पहिल्या देणगीदाराच्या पदरात पहिलाच पराभव!

आज ही लीग अनेक देशांत पसरली आहे, पण गावपातळीवर तिचा संसार आपल्या गणेश मंडळासारखाच चालतो. प्रशिक्षक म्हणजे कुणाची तरी आई किंवा बाबा, तेही बिनपगारी. अध्यक्ष, खजिनदार, सुरक्षा अधिकारी हे सगळे नोकरी सांभाळून राबणारे. पैसा येतो नोंदणी शुल्कातून, कुंपणावर लावलेल्या स्थानिक दुकानांच्या फलकांतून आणि मैदानाकडेच्या खाऊच्या टपरीतून. हॉट डॉग विकायला पालकांच्या पाळ्या लागतात. ती पाळी चुकवण्याच्या सबबी तिथेही आपल्यासारख्याच असाव्यात. शुल्क परवडत नाही म्हणून कुठल्याही मुलाला परत पाठवायचं नाही, हा लीगचा नियम आहे. म्हणजे ती तूट इतरांच्या पैशातून भरून काढायची. स्वयंसेवकांची पार्श्वभूमी दरवर्षी तपासली जाते. ११-१२ वर्षांच्या पिचरला दिवसाला ८५ पेक्षा जास्त चेंडू टाकू देत नाहीत, कारण कोवळ्या खांद्या-कोपराला इजा होते. अर्थात, प्रत्येक चेंडू मोजायला कुणीतरी पालक वही घेऊन बसावा लागतोच.

खरी मेख मोठ्या देणगीत असते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस यू.एस. रबर ही कंपनी लीगच्या पाठीशी उभी राहिली. लीग झपाट्याने वाढली, कारभार बदलला. वाढता व्यापारीपणा स्टॉट्झला रुचला नाही. १९५५ मध्ये वाद कोर्टात गेला आणि ज्याने लीग जन्माला घातली, तोच तिच्यातून बाहेर पडला. पुढे तो विल्यम्सपोर्टमध्येच ‘ओरिजिनल लीग’ या नावाने मुलांना खेळवत राहिला.

मला तरी वाटतं, खाऊच्या टपरीवरचा गल्ला मोठ्या धनादेशापेक्षा भरवशाचा. शंभर पालकांनी थोडंथोडं दिलं, तर कुणा एकाची मर्जी राखावी लागत नाही. मात्र त्यासाठी हिशेब चोख हवा. खात्यावर दोन सह्या असाव्यात आणि जमाखर्च पालकांपुढे वाचला जावा. न्यू जर्सीत किंवा आणखी कुठे राहणाऱ्या मराठी पालकांच्या हाती मुलांच्या लीगचा फॉर्म आला, तर त्यांनी शुल्काबरोबर स्वयंसेवकांच्या यादीतही आपलं नाव घालावं. खजिनदाराची जागा बहुधा रिकामीच असते.