महाकाय आकाशक आणि दूरभाषसंभाषण : आर्वीच्या भूकेंद्राच्या निमित्ताने

पुणे जिल्ह्यात नारायणगावच्या परिसरात आर्वी नावाचे एक गाव आहे. उपग्रहाच्या द्वारे परदेशाशी नियमित व्यापारी दूरसंचार करणारे भारतातील पहिले भूकेंद्र १९७१ मध्ये येथे कार्यान्वित झाले. तत्पूर्वी, १९६७ मध्ये, अहमदाबाद येथे असे एक केंद्र स्थापन झाले होते. पण ते प्रयोगासाठी व प्रशिक्षणासाठी होते. आर्वीचे केंद्र भारत सरकारच्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस या खात्यासाठी उभे राहिले. त्याची उभारणी देशातील अभियंत्यांनीच करावी असा आग्रह डॉ. विक्रम साराभाई यांनी धरला. ३० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाल्यावर या केंद्रास ‘विक्रम’ हे नाव देण्यात आले. केंद्राचा मुख्य आकाशक सुमारे ३० मीटर व्यासाचा होता.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास या लोखंडी सांगाड्याविषयी आस्था का वाटावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, मुंबईतील आई आणि लंडनमधील मुलगा यांच्या एका प्रश्नोत्तराच्या वाटेवर हा सांगाडा उभा होता, आणि त्या वाटेच्या लांबीने त्यांच्या बोलण्याची घडणच बदलली होती. आकाशकाची उभारणी, त्याचे चालन व त्याची निगा यांत जे अपार कौशल्य खर्ची पडते, ते सर्व क्षीण संदेश ओळखू येण्याजोगा राखण्यासाठी. संदेशाला लागणारा वेळ मात्र त्या कौशल्याच्या आटोक्यात नाही. हे दोन भाग वेगळे करून पाहिले, तरच दूरभाषावरील संभाषणात यंत्राचा दोष कोठे संपतो आणि अंतराचा परिणाम कोठे सुरू होतो, हे स्पष्ट होईल.

प्रथम शब्दाविषयी. ‘आकाशक’ हा पारिभाषिक मराठीतील शब्द. व्यवहारात ‘अँटेना’ हाच रूढ आहे. अलीकडे नवी मुंबईतील इमारतींच्या गच्च्यांवर व खिडक्यांच्या जाळ्यांवर दूरचित्रवाणीसाठी ज्या लहान तबकड्या दिसतात, त्यांना लोक ‘डिश’ किंवा ‘छत्री’ म्हणतात. छत्री पाऊस बाहेर टाकते. ही उलटी छत्री मात्र अंगावर पडलेले सारे एका बिंदूपाशी गोळा करते. तेव्हा लोकांनी योजलेला शब्द आकाराच्या दृष्टीने अचूक आणि कार्याच्या दृष्टीने विरुद्ध आहे. शब्दार्थाच्या अभ्यासकांनी हे उदाहरण टिपून ठेवण्यास हरकत नाही.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तो पृथ्वीच्या परिवलनाइतक्याच गतीने फिरत असल्यामुळे जमिनीवरून पाहता एकाच जागी ठेपल्यासारखा वाटतो. नवी मुंबई व आर्वी ही दोन्ही ठिकाणे सुमारे १९ अक्षांशावर आहेत. त्यांच्या रेखांशावरील उपग्रह दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारे ६८ अंश उंचीवर सापडतो आणि त्याचे प्रत्यक्ष अंतर ३६,२०० किलोमीटरांच्या घरात भरते. सुरुवातीच्या काळातील उपग्रहांच्या प्रेषकांची शक्ती काही वॅट असे, म्हणजे घरातील दिव्याहूनही कमी. ती निम्म्या जगावर पसरल्यावर एका चौरस मीटरच्या वाट्यास जे येते ते जवळजवळ नाहीच. म्हणून तबकडी मोठी हवी. ४ गिगाहर्ट्‌झ कंप्रतेला ३० मीटरची चांगली तबकडी संदेशाचे सुमारे दहा लाखपट संकलन करते. तेवढ्यानेही भागत नसे. पहिला विवर्धक द्रवरूप वा वायुरूप हेलियमच्या साहाय्याने निरपेक्ष शून्याच्या वर केवळ १५ ते २० अंशांपर्यंत थंड करीत, कारण त्याच्या स्वतःच्या उष्णतेचा गोंगाटही संदेशाहून मोठा ठरला असता.

दहा लाखपट लाभाची किंमत दोन प्रकारे द्यावी लागते. एक म्हणजे, शलाका अतिशय अरुंद होते. ४ गिगाहर्ट्‌झला ती सुमारे ०.१७ अंश रुंद, म्हणजे चंद्रबिंबाच्या एक तृतीयांश असते आणि ६ गिगाहर्ट्‌झच्या प्रेषणाला त्याहून अरुंद. दुसरी किंमत आकाराच्या अचूकतेची. तबकडीचा पृष्ठभाग अन्वस्ताकार असला पाहिजे, हे शालेय गणितातही येते. तो किती अचूक असावा, याचे गणित जॉन रुझ यांनी मांडले. प्रेषणाची तरंगलांबी ५ सेंटिमीटर असताना पृष्ठभागातील सरासरी चूक १ मिलिमीटर असेल, तर सुमारे ६ टक्के शक्ती वाया जाते. तीच चूक ३ मिलिमीटर झाली, तर ४३ टक्के जाते. सातशे चौरस मीटरांहून अधिक क्षेत्राच्या पत्र्यामध्ये दोन मिलिमीटरांचा फरक केवढा महाग पडतो, हे यावरून दिसेल.

आर्वीपासून फार दूर नसलेल्या खोडद येथे याच तत्त्वाची दुसरी बाजू पाहावयास मिळते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण तेथे आहे. तिच्या तीस तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. पण त्यांवर पत्रा नसून, ताणलेल्या दोरखंडांवर बसविलेली बारीक पोलादी तारेची जाळी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. या दुर्बिणीची सर्वांत लहान तरंगलांबी सुमारे २१ सेंटिमीटर असल्यामुळे जाळीची छिद्रे त्या तरंगांना दिसतच नाहीत, आणि वारा मात्र त्यांतून निघून जातो. म्हणून ४५ मीटरची तबकडी हलकी व स्वस्त झाली. हीच युक्ती आर्वीस चालली नसती. पाच सेंटिमीटरांच्या तरंगांसाठी भरीव पत्रा हवा; आणि पत्रा आला की वाऱ्याचे संकट आले.

त्या संकटाचा अंदाज सोपा आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा ३० मीटरच्या तबकडीवर समोरून आदळला, तर साध्या हिशेबाने तेहतीस टनांएवढा रेटा बसतो; तबकडीच्या वाडग्यासारख्या आकारामुळे प्रत्यक्षात तो अधिकच. रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेग निम्मा झाला की तो चौथ्या हिश्शावर येतो. यास्तव वादळाची चिन्हे दिसताच तबकडीचे तोंड सरळ आकाशाकडे करून तिला खिळीने जखडून ठेवावयाचे, हा सर्वत्र नियम आहे. संभाषण तुटते, पण तबकडी वाचते.

उभारणीचे खरे कसब पायाशीच सुरू होते. पाया असमान खचला तर आकाशकाचा उभा अक्ष कलतो, आणि शलाका ०.१७ अंशाची असताना अक्ष ०.०२ अंशाने कलणेही दुर्लक्ष करण्याजोगे नसते. पायावर दिगंश व उन्नतांश या दोन दिशांनी फिरणारी बैठक येते, तीवर तबकडीच्या पाठीचा सांगाडा. सांगाडा शक्य तेवढा जमिनीवरच जुळवून मग उचलतात. शेवटी पत्र्याचे तुकडे बसवून प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यांवरील स्क्रू फिरवून त्याची उंची जुळवावयाची, हे काम थिओडोलाइटच्या साहाय्याने चालते आणि ते रात्री किंवा पहाटेच करतात. दुपारच्या उन्हात सांगाड्याची एक बाजू तापून प्रसरण पावते आणि दुसरी सावलीत राहते. अशा वेळी घेतलेली मापे सायंकाळपर्यंतही खरी राहत नाहीत.

यात आणखी एक अडचण आहे. तबकडी आडवी असताना स्वतःच्या वजनाने जशी वाकते, तशी ती तिरपी असताना वाकत नाही. मग पत्रे कोणत्या स्थितीत जुळवावे? दूरदर्शकाला सर्व आकाश पाहावयाचे असते. म्हणून सेबास्टियन फॉन होर्नर यांनी असा सांगाडा सुचविला की, तो वाकला तरी एका अन्वस्तातून दुसऱ्या अन्वस्तात जाईल व केवळ नाभी थोडी सरकेल. भूकेंद्राला एवढे कष्ट नकोत. त्याचा उपग्रह जवळजवळ एकाच उंचीवर असतो, म्हणून त्या उंचीला अनुसरून पत्रे जुळविले की पुरे.

‘जवळजवळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. सूर्य व चंद्र यांच्या ओढीमुळे उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताच्या प्रतलापासून वर्षाला सुमारे पाऊण ते एक अंशाने कलत जाते. इंधन खर्चून ती वेळोवेळी सावरावी लागते. कलत्या कक्षेतील उपग्रह जमिनीवरून पाहता रोज इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी आकृती काढतो. मराठी आठ येथे उपयोगी नाही. तबकडीने त्याच्या मागे जावे लागते. त्यासाठी उपग्रहाकडून येणाऱ्या दर्शक संदेशावर लक्ष ठेवून, तबकडी किंचित हलवून, संदेश वाढतो की घटतो हे पाहत राहण्याची एक रीत आहे; मोठ्या केंद्रांत याहून अधिक शीघ्र रीतीही वापरतात. दंतचक्रांतील सैलपणा या कामाचा शत्रू होय. म्हणून दोन चलित्रे परस्परांविरुद्ध थोडा जोर लावून दात सतत एका बाजूस घट्ट ठेवतात.

वर्षातून दोनदा सूर्यच उपग्रहाच्या मागे येऊन उभा राहतो आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात संदेश बुडून जातो. आपल्या अक्षांशावर हा प्रसंग मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास व ऑक्टोबरच्या आरंभी, काही दिवस रोज काही मिनिटे येतो. त्याची वेळ आधी काढता येते. उपाय मात्र नाही. त्याच वेळी सूर्याचे ऊनही नाभीपाशी एकवटते. तबकडीला चकाकी नसलेला पांढरा रंग देतात तो यासाठीच. तो ऊन विखरून टाकतो. रंगकामाची निवड ही शोभेची बाब नव्हे.

निगेची कामे दिसावयास क्षुल्लक आहेत. वंगण, बोल्टांचे आवळणे, गंज खरवडणे, तरंगनलिकेत कोरड्या हवेचा दाब राखणे, नाभीवरील पातळ पडदा स्वच्छ ठेवणे, यांत वर्ष सरते. नलिकेत पावसाळी दमट हवा शिरली की आत पाणी साचते आणि संदेश क्षीण होतो. ठाण्याच्या खाडीकाठच्या नवी मुंबईसारख्या भागात खारी हवा ही आणखी एक बाब. ॲल्युमिनियमचा पत्रा व पोलादी बोल्ट जेथे भिडतात, तेथे ओलसर मिठाने धातू खाल्ला जातो. पावसाचा परिणाम कंप्रतेवर अवलंबून असतो. ४ ते ६ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात तो थोडा. घरगुती दूरचित्रवाणीच्या १० गिगाहर्ट्‌झवरील पट्ट्यात तो एवढा असतो की जुलैच्या मुसळधारेत पडद्यावरचे चित्र नाहीसे होते. प्रेषक चालू असताना तबकडीत कोणी चढू नये, हा निगेतील सर्वांत कडक नियम. तो मोडता येऊ नये म्हणून कुलुपाची योजना अशी करतात की, जिन्याची किल्ली काढली की प्रेषक बंद व्हावा.

एवढे सर्व निर्दोष चालले, तरी एक गोष्ट उरते. जमिनीवरून उपग्रहाकडे व उपग्रहाकडून जमिनीवर हा प्रवास बहात्तर हजार किलोमीटरांहून अधिक आहे. प्रकाशाच्या वेगानेही त्यास सुमारे पाव सेकंद लागतो. प्रश्न जाण्यास पाव सेकंद, उत्तर येण्यास पाव सेकंद. विचारणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या स्वाभाविक विलंबात अर्ध्या सेकंदाची भर पडलेली जाणवते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या एका तौलनिक अभ्यासात असे आढळले की, प्रश्नानंतर उत्तर येण्यास लागणारा अवधी सरासरीने सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असतो आणि भाषाभाषांतील फरक अल्प असतो. म्हणजे उपग्रहाने घातलेली भर मूळ अवधीच्या दुपटीहूनही मोठी आहे. ‘येशील ना दिवाळीला?’ या प्रश्नानंतर पाऊण सेकंदाची शांतता आली, तर समोरासमोरच्या बोलण्यात तिचा अर्थ नकार किंवा संकोच असा होतो. आई प्रश्न पुन्हा विचारते, त्याच क्षणी मुलाचा ‘हो’ येऊन त्यावर आदळतो, दोघेही थांबतात, दोघेही पुन्हा एकदम बोलू लागतात. यात कोणाचाही दोष नाही, आणि केंद्रावरील कोणत्याही अभियंत्याला तो दुरुस्त करता येत नाही.

प्रतिध्वनीने ही अडचण वाढते. समोरच्या दूरध्वनीतून परतलेला स्वतःचा आवाज अर्ध्या सेकंदाने कानी पडला की बोलणारा अडखळतो. त्यावर प्रारंभी असे साधन योजले की, एक बोलत असता दुसऱ्याकडून येणारा मार्ग बंद व्हावा. प्रतिध्वनी गेला, त्याबरोबर ऐकणाऱ्याचे ‘हं’, ‘हो का’, ‘बरं बरं’ हेही गेले. मराठी संभाषणात हे हुंकार म्हणजे केवळ भरताड नव्हे. ऐकणारा उपस्थित आहे, सहमत आहे, पुढे बोला असे सांगत आहे, याची ती खूण असते. ती नाहीशी झाली की बोलणारा ‘ऐकू येतंय ना?’ असे मध्येच विचारतो. पुढे प्रतिध्वनीची प्रतिकृती तयार करून ती वजा करणारी यंत्रणा आली व मार्ग दोन्ही बाजूंनी खुला राहिला. पण पाव सेकंद तसाच राहिला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एका दिशेच्या विलंबाची मर्यादा ४०० मिलिसेकंद ठरविली आहे. एका संभाषणात दोन उपग्रहउड्या घेतल्या तर ती ओलांडली जाते.

१९९० नंतरच्या दशकात काचतंतूंच्या समुद्री तारा मुंबईच्या किनाऱ्यास लागल्या आणि परदेशी दूरध्वनी उपग्रहावरून क्रमाने तिकडे वळला. काचेत प्रकाश सेकंदाला दोन लक्ष किलोमीटर जातो. दहा-बारा हजार किलोमीटरांच्या तारेतून आवाजास ५० ते ६० मिलिसेकंद पुरतात, आणि एवढा विलंब संभाषणाला जाणवत नाही. आंतरजालावरील बोलण्यात मात्र संदेशाचे तुकडे गोळा करून क्रमाने लावण्यासाठी थांबावे लागते, आणि विलंब पुन्हा वाढतो. तो स्थिर नसतो, दर क्षणी बदलतो. उपग्रहाच्या ठराविक विलंबाला नियमित बोलणारी माणसे सरावत; ‘बोल, मी थांबते’ असे म्हणून पाळी ठरवून घेत. बदलत्या विलंबाला अशी सवय कोणत्या रीतीने लागते, आणि त्यात मराठी हुंकारांची संख्या घटते की त्यांची जागा प्रश्नार्थक वाक्ये घेतात, हे दोन्ही टोकांचे ध्वनिमुद्रण एकाच कालमापनावर जुळवूनच ठरविता येईल. एका टोकाच्या मुद्रणात शांतता कोठे बोलणाऱ्याची आणि कोठे वाटेची, हे वेगळे काढता येत नाही.