रोव्हर बांध मोजतो, वारस नाही

केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी देशातल्या १२ औद्योगिक शहरांना मंजुरी दिली. त्या यादीत आपलं रायगडमधलं दिघी आहे. तळा तालुक्यात त्यामुळे जमिनीच्या गप्पांना ऊत येणारच, आणि त्यांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘आता सगळं ऑनलाइन झालंय, पूर्वीसारखा घोळ होणार नाही.’

हाच सर्वांत महागात पडणारा गैरसमज. ऑनलाइन सातबाऱ्यावर तेच दिसतं जे तलाठ्याच्या दप्तरात नोंदलेलं असतं. नोंद जुनी असेल, तर ती डिजिटल सहीनिशी जुनीच छापून येते. वरकसाचे चार-पाच गुंठे, भोगवटादाराच्या रकान्यात वीस-पंचवीस नावं, त्यांतली निम्मी माणसं कधीच वारलेली, उरलेली मुंबईला, आणि बहिणींची नावं लागलेलीच नाहीत. असा सातबारा आपल्याकडे कुणाला नवा नाही. मोजणीचा रोव्हर बांधाची जागा सेंटिमीटरपर्यंत सांगेल, पण आजोबांचे वारस किती, हे त्याला कुठून कळणार? महामार्गासाठी जमीन गेली आणि मोबदल्याच्या वाटणीवरून वाद झाला, की प्रकरण दिवाणी न्यायालयात जातं. मग पैसे दिसतात, हाती येत नाहीत.

‘पूर्वी कामं रखडायची ती यंत्रं नव्हती म्हणून’, हेही खरं नाही. तळ्याला यायला आपण जिथे वळतो, त्या इंदापूरपर्यंतचा पनवेलपासूनचा महामार्ग ८४ किलोमीटरचा. चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. उपग्रह होते, संगणक होते. काम अडलं ते भूसंपादनात, कर्नाळा अभयारण्याच्या परवानगीत आणि ठेकेदाराच्या पैशांत. भूसंपादनासाठी २०१८ मध्ये आलेल्या ‘भूमिराशी’ पोर्टलमुळे अधिसूचनेची फाइल झपाट्याने पुढे सरकते, हे मान्य. पण घरातली वाटणी कुठलंही पोर्टल करून देत नाही.

यंत्र आलं की माणूस नको, असं वाटणाऱ्यांनी पावसाळ्यात कोकण रेल्वे पाहावी. माणगाव आणि वीर यांच्या मधल्या काळ नदीच्या पुलावर पुराचा इशारा देणारी यंत्रणा आहे, स्टेशनांवर पर्जन्यमापक आहेत. तरीही भर पावसात, रात्री, रुळांवरून गस्तवाला चालतोच. दरडीच्या मातीला फुटलेला पाझर त्याला बॅटरीच्या उजेडात दिसतो. माझ्या मते तळ्यासारख्या डोंगर-खाडीच्या मुलखात कुठलाही मोठा प्रकल्प असाच चालवायला हवा. खाजणात उधाणाचं पाणी कुठवर चढतं, हे नकाशा काढणाऱ्यांनी आधी तिथल्या माणसांना विचारावं.

आणखी एक. भूसंपादनाची नोटीस मोबाइलवर येईल, या भरवशावर राहू नका. जमीन महामार्गासाठी जात असेल, तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याप्रमाणे अधिसूचना राजपत्रात येते आणि तिचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापतात, त्यांतलं एक मराठी. राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून हरकतीला मिळतात फक्त २१ दिवस.

मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर सुरू केली. तलाठ्याकडे किंवा ‘ई-हक्क’ पोर्टलवर वारस नोंदीचा अर्ज करता येतो. गणपतीला सगळी भावंडं गावी येतात. आरती झाल्यावर एक संध्याकाळ सातबारा आणि आठ-अ समोर घेऊन बसा, आणि बहिणींना बोलावल्याशिवाय बसू नका.