१८ विरुद्ध १ : घराच्या हक्कासाठी लढलेल्या वेल फिलिप्स

भाड्याने खोली बघायला जावे, आडनाव सांगावे आणि खोली 'कालच दिली' असे ऐकावे, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. बाबासाहेबांनाही बडोद्यात निवाऱ्यासाठी हाच अपमान सोसावा लागला होता. म्हणूनच अमेरिकेतील वेल फिलिप्स यांचा लढा आपण समजून घेतला पाहिजे.

फिलिप्स विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहराच्या. १९५१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून कायद्याची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. १९५६ मध्ये त्या नगर परिषदेवर निवडून आल्या. त्या सभागृहातील पहिल्या महिला आणि पहिल्या कृष्णवर्णीय सदस्यही त्याच.

तेव्हा शहरातील कृष्णवर्णीय समाज उत्तर भागात कोंडला गेला होता. खिशात पैसे असूनही गोऱ्यांच्या वस्तीत घर मिळत नसे. घर विकताना किंवा भाड्याने देताना वर्णभेद करण्यास बंदी घालणारा प्रस्ताव फिलिप्स यांनी १९६२ मध्ये मांडला. एकूण चार वेळा मांडला आणि चारही वेळा तो १८ विरुद्ध १ असा फेटाळला गेला. बाजूचे एकमेव मत त्यांचे स्वतःचे होते. शहरापुरता कायदा केला तर गोरे लोक उपनगरांत निघून जातील, असे महापौर हेन्री मायर यांचे म्हणणे होते.

सभागृह ऐकत नाही म्हटल्यावर तरुण रस्त्यावर उतरले. २८ ऑगस्ट १९६७ रोजी एनएएसीपी संघटनेची युवा शाखा आणि फादर जेम्स ग्रोपी यांनी सोळाव्या रस्त्यावरचा पूल ओलांडून गोऱ्यांच्या दक्षिण भागात मोर्चा नेला. समोरून दगड-बाटल्या आल्या. युवा शाखेचे कार्यालय जळाले. फिलिप्स यांनाही अटक झाली. तरीही थंडीवाऱ्यात सलग २०० रात्री मोर्चे निघाले.

४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. आठवड्याभरात, ११ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी देशव्यापी समन्यायी गृहनिर्माण कायद्यावर सही केली. ३० एप्रिलला मिलवॉकीने त्याहून कडक कायदा मंजूर केला.

वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश पाहून घर नाकारणे देशव्यापी कायद्याने बेकायदा ठरले. १९७४ मध्ये त्यात लिंगभेदाची, तर १९८८ मध्ये अपंग व्यक्ती आणि मुले असलेली कुटुंबे यांची भर पडली. पुढे फिलिप्स न्यायाधीश झाल्या आणि १९७८ मध्ये विस्कॉन्सिनच्या राज्य सचिवपदी निवडून आल्या. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख आहे. भाड्याच्या घराचा नाही. ही उणीव भरून काढणारा कायदा मागणे हे आपले काम आहे. त्यासाठी खोली नाकारली गेली की गप्प बसू नका. तारीख, पत्ता, संभाषण लिहून ठेवा, संदेश जपून ठेवा. आणि सभागृहात आपला माणूस एकटा असेल, तर बाहेर आपण किती जण उभे आहोत, हेही स्वतःला विचारा.