धारेचा प्रश्न : सेफ्टी रेझरच्या काही अनोख्या रचना

दैनंदिन वापरातील साध्या वस्तूंचा इतिहास अभ्यासविषय म्हणून सहसा विचारात घेतला जात नाही. दाढी करण्याचे साधन ही अशीच एक उपेक्षित वस्तू होय. युरोप व अमेरिकेतील जुन्या वस्तूंच्या संग्रहांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे सेफ्टी रेझर पाहावयास मिळतात. त्यांपैकी कित्येकांची घडण आजच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. एकाच्या डोक्यातून चामड्याचा लांब पट्टा ओवता येतो. दुसऱ्याच्या मुठीत घड्याळाप्रमाणे गुंडाळावयाची कमान आहे. तिसऱ्याच्या मुठीत बंदुकीतील काडतुसांसारखी पाती रचून ठेवलेली आहेत. या रचना संशोधकांच्या लहरीतून निर्माण झाल्या असाव्यात, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांचे क्रमवार परीक्षण केले असता निराळेच चित्र दिसते. पात्याला धार लावण्याचे काम कोणी करावयाचे, या एकाच प्रश्नाची ही निरनिराळी उत्तरे आहेत.

मूळ प्रश्न मात्र धारेचा नव्हता. तो जखमेचा होता. उघडा वस्तरा स्वतःच्या हाताने स्वतःच्या गळ्यावरून फिरविणे हे कौशल्याचे काम असून ते न साधल्यास रक्त निघणे ठरलेले असे. पॅरिस येथील शस्त्रकार झां-झाक पेरे याने 1762 च्या सुमारास वस्त्र्याच्या पात्याला संरक्षक आवरण बसविले. सुताराच्या रंध्यावरून ही कल्पना त्याला सुचली असे सांगितले जाते, आणि ते सयुक्तिक दिसते. रंध्यात पाते लाकडी ठोकळ्यातून केवळ किंचित बाहेर डोकावते व त्यामुळे ते नेमके तितकेच खोल जाते. पेरेच्या वस्त्र्याचे तत्त्वही हेच होते. 1769 मध्ये त्याने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी हे शिकविणारा ‘पोगोनोटोमी’ नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. न्हाव्यावाचून स्वहस्ते श्मश्रू करता यावी, हा हेतू या ग्रंथाच्या शीर्षकातच व्यक्त झालेला आहे.

पुढील महत्त्वाचा बदल आकाराचा होता. विल्यम सॅम्युएल हेन्सन या इंग्रज संशोधकाने 1847 मध्ये पाते मुठीशी काटकोनात बसविण्याची आणि त्याच्यापुढे फणीसारखे दाते असलेली पट्टी ठेवण्याची रचना मांडली. वाफेच्या शक्तीवर चालणाऱ्या विमानाच्या योजनेमुळे हेन्सनचे नाव विमानविद्येच्या इतिहासातही येते. त्याचे विमान उडाले नाही. परंतु खुरप्यासारखी काटकोनी ठेवण मात्र चिरस्थायी ठरली. न्यूयॉर्क येथे व्यवसाय करणाऱ्या कांफे बंधूंनी 1880 मध्ये याच धर्तीच्या रेझरचे पेटंट मिळविले. ‘सेफ्टी रेझर’ ही संज्ञा या पेटंटमध्ये प्रथम आढळते. ‘स्टार’ या नावाने विकल्या गेलेल्या त्यांच्या रेझरचे डोके लहानशा पेटीसारखे होते. खरवडलेला साबणाचा फेस तीत साठत असे.

येथपर्यंत जखमेचा प्रश्न बहुतांशी सुटला होता. मात्र तो सुटताच दुसरा प्रश्न ठळक झाला. ‘स्टार’मधील पाते म्हणजे वस्तुतः उघड्या वस्त्र्याचाच एक आखूड तुकडा होता. तो पाचरीच्या आकाराचा, जाड व लोहाराने घडविलेला असून त्याला नित्य पाजळावे लागे. पाजळण्याच्या क्रिया दोन आहेत. निसण्यावर घासल्याने पोलादाचा सूक्ष्म थर निघून नवी धार तयार होते; चामड्याच्या पट्ट्यावर फिरविल्याने धारेची वाकलेली किनार सरळ होते. पहिली क्रिया क्वचित व दुसरी रोज करावयाची असते, आणि दोन्हींना सरावलेला हात लागतो. तात्पर्य, दाढी करण्याचे कौशल्य नसलेल्या माणसाला सेफ्टी रेझरने सुरक्षितता दिली, परंतु धार लावण्याचे कौशल्य त्याच्याकडून अपेक्षिलेच. न्हावी दूर झाला तरी त्याची धोकटी घरातच राहिली.

या अडचणीतून सुटण्याचे दोन मार्ग संभवत होते. धार लावण्याचे काम यंत्राकडे सोपविणे हा पहिला, आणि धार लावण्याची गरजच नाहीशी करणे हा दुसरा. आज ज्या रचना अनोख्या वाटतात त्यांपैकी बहुतेक पहिल्या मार्गावरील आहेत.

त्यांतील सर्वांत चतुर रचना हेन्री गेसमन या अमेरिकन संशोधकाच्या ‘ऑटोस्ट्रॉप’ रेझरची होय. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आलेल्या या रेझरच्या डोक्यात बारीक रूळ बसविलेले होते. पाते न काढता चामड्याचा पट्टा त्या रुळांमधून ओवावयाचा व रेझर पट्ट्यावर मागेपुढे सरकवावयाचा, एवढेच वापरणाऱ्याचे काम असे. सरकण्याची दिशा बदलली की पाते आपोआप उलटे होई व त्याची दुसरी बाजू चामड्याला लागे. कसबी न्हावी मनगटाच्या ज्या वळशाने वस्तरा पट्ट्यावर पालटतो, तो वळसाच या रचनेने धातूच्या लहानशा यंत्रणेत बांधला होता.

ब्रिटनमधील ‘रोल्स रेझर’ने ही कल्पना आणखी पुढे नेली. 1920 च्या दशकात प्रचारात आलेले हे साधन तळहातावर मावेल अशा धातूच्या चपट्या पेटीत असे. पेटीच्या एका झाकणात निसणा व दुसऱ्या झाकणात चामडे बसविलेले असून, मधोमध पोकळ घासणीचे भक्कम पाते असे. एक झाकण काढून मूठ मागेपुढे ढकलली की पाते प्रत्येक टोकाशी पालटत घासले जाई. त्या वेळी होणारा खटखट आवाज या रेझरची ओळखच बनला होता. न्हाव्याची सबंध धोकटी एका पेटीत सामावली, असे या रचनेचे वर्णन करता येईल. एकच पाते वर्षानुवर्षे पुरावे, हा तिचा दावा होता. विल्किन्सन सोर्ड या तलवारी बनविणाऱ्या कंपनीने वेगळी तोड काढली होती. तिच्या एका संचात सात पाती असून त्यांवर आठवड्याच्या वारांची नावे कोरलेली असत. येथे धार लावण्याचे काम टळत नव्हते; ते सात पात्यांत वाटले जात होते.

दुसऱ्या मार्गाचा प्रणेता किंग कँप जिलेट होय. बाटल्यांची बुचे बनविणाऱ्या एका कंपनीचा तो फिरता विक्रेता होता, आणि एकदा वापरून फेकून द्यावयाच्या वस्तूचे व्यापारी महत्त्व तेथे त्याच्या ध्यानात आले होते. 1895 मध्ये एके सकाळी त्याचे पाते इतके बोथट झालेले आढळले की केवळ पट्ट्यावर फिरवून भागण्यासारखे नव्हते. त्या वेळी पातळ पत्र्याच्या स्वस्त पात्याची कल्पना सुचली, असे त्याने पुढे सांगितले आहे. इतक्या पातळ पोलादाला कठीणपणा व धार देता येणार नाही, असे अनेक जाणकारांचे मत होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेल्या विल्यम निकरसन या अभियंत्याने पात्यावर उष्णतेचे संस्कार करण्याची व त्याला धार लावण्याची यंत्रे सिद्ध केली, तेव्हाच ही कल्पना व्यवहारात आली. कंपनी 1901 मध्ये स्थापन झाली. विक्रीच्या पहिल्या वर्षी, म्हणजे 1903 मध्ये, अवघे 51 रेझर व 168 पाती खपली. 1904 मध्ये रेझरचा खप 90 हजारांवर गेला.

जिलेटच्या रचनेचे मर्म केवळ पाते फेकून देण्यात नाही. पातळ पाते स्वतःच्या बळावर ताठ राहू शकत नाही. केस कापताना ते वाकते व थरथरते. म्हणून त्याच्या 1904 च्या पेटंटमध्ये पाते टोपी व तळपट्टी यांच्यामध्ये आवळून धरण्याची योजना होती. जाड पात्याचा ताठपणा त्याच्या पोलादात होता. पातळ पात्याला तो रेझरने पुरवावयाचा होता. त्यामुळे पाते क्षणभंगुर व मूठ चिरकालिक अशी विभागणी झाली, आणि धार लावण्याचे काम घरातून उठून कारखान्यात गेले.

हा मार्ग विजयी झाला तो केवळ यांत्रिक गुणांमुळे नव्हे. पहिल्या महायुद्धात, 1918 मध्ये, अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे 35 लाख जिलेट रेझर व तीन कोटींवर पाती मागविली. खंदकातील सैनिकाला निसणा व पट्टा सांभाळीत बसणे शक्य नव्हते. युद्धाहून परतताना तो नवी सवय घेऊन आला. किमतीविषयी मात्र एक गैरसमज रूढ आहे. मूठ जवळजवळ फुकट देऊन पात्यांवर नफा मिळविण्याची युक्ती जिलेटने आरंभापासून योजिली, असे व्यापारशास्त्रात उदाहरणादाखल सांगितले जाते. शिकागो विद्यापीठातील विधिशास्त्राचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी या समजुतीची छाननी करून ती इतिहासाला धरून नसल्याचे दाखविले आहे. पेटंटची मुदत संपेपर्यंत, म्हणजे 1921 पर्यंत, जिलेटच्या संचाची किंमत 5 डॉलर, म्हणजे त्या काळच्या मानाने भारी होती. स्वस्त मुठी आल्या त्या पेटंटचे संरक्षण जाण्याच्या वेळी.

पेटंट संपल्यावर झगडा पात्याच्या छिद्रांवर आला. जिलेटच्या जुन्या पात्याला तीन गोल छिद्रे होती व ती कोणालाही नकलता येत होती. गेसमनने मधोमध खाच असलेले ‘प्रोबॅक’ हे दुधारी पाते काढले. 1930 मध्ये जिलेट कंपनीने खाचेचे नवे पाते बाजारात आणताच दोन्ही कंपन्यांत पेटंटचा तंटा उभा राहिला, आणि त्याच वर्षी त्यांच्या विलीनीकरणाने तो मिटला. पट्टा ओवण्याचे यंत्र शोधणारा गेसमन फेकून द्यावयाच्या पात्याच्या कंपनीचा सूत्रधार बनला. पहिला मार्ग दुसऱ्यात विलीन झाला तो असा. खाचेचे हे पाते जुन्या तीन खुंट्यांच्या मुठीतही बसते. म्हणूनच 1904 सालच्या मुठीत आजचे दुधारी पाते घालून दाढी करता येते.

धारेचा प्रश्न कारखान्याने सोडविल्यानंतर संशोधकांच्या कल्पकतेला उरलेले क्षेत्र दोन बाबींचे होते : पाते बदलणे आणि पाते धरणे. अमेरिकन सैन्यातील अधिकारी जेकब शिक याने फैरी झाडणाऱ्या बंदुकीवरून कल्पना घेऊन 1920 च्या दशकात मुठीत पात्यांचा साठा असलेला रेझर काढला. वापरलेले पाते बाहेर पडे व नवे जागेवर येई, बोटाचा धारेला स्पर्श होत नसे. जर्मनीतील झोलिंगेन येथील कारागिरांनी पाते तिरपे बसविणारे रेझर बनविले. विळीवर भाजी सरळ दाबण्यापेक्षा तिरपी सरकविली असता ती सहज कापली जाते, त्याच न्यायाने तिरपी धार केसावर कमी जोर लावून चालते; शिवाय पीळ दिल्याने पातळ पाते अधिक ताठ होते. अमेरिकेत 1940 च्या दशकात निघालेल्या ‘स्टाली’ रेझरच्या मुठीत कमान असून ती गुंडाळली की पाते वेगाने कंप पावे. या तिन्हींपैकी कोणीही धार कशी लावावी याचा विचार केलेला नाही. ती कारखान्यातून तयार येणार, हे त्यांनी गृहीत धरले आहे.

पहिल्या मार्गाचा शेवट उदासवाणा आहे. रोल्स रेझर कंपनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस जॉन ब्लूम या व्यापाऱ्याच्या हाती गेली व कपडे धुण्याची यंत्रे विकू लागली. 1964 मध्ये ती बुडाली. 1960 च्या दशकाच्या आरंभी विल्किन्सन सोर्डच्या न गंजणाऱ्या पोलादी पात्याने फेकावयाच्या पात्याचेही आयुष्य वाढविले आणि पाजळण्याच्या बाजूने उरलेला युक्तिवाद दुबळा केला. पुढे 1971 मध्ये जिलेटने दोन पाती एकत्र बसविलेली कुपी आणली. प्रत्येक कंपनीची कुपी केवळ तिच्याच मुठीत बसत असल्यामुळे, 1921 मध्ये सैल झालेले बंधन नव्या रूपाने परत आले.

या स्थित्यंतरात लाभ कोणाचा व हानी कोणती, याचा हिशेब सरळ नाही. कोट्यवधी माणसांना सुरक्षित व स्वच्छ श्मश्रू स्वस्तात मिळाली, हा लाभ निर्विवाद आहे. त्याबरोबर एक साधन दीर्घकाळ राखण्याची विद्या लोपली, आणि वापरलेल्या पोलादाचा ढीग रोज वाढत राहिला. ही विद्या ज्याची उपजीविका होती त्यालाही हा बदल चुकला नाही. महाराष्ट्रातील केशकर्तनालयांत आज दुधारी पाते मधोमध मोडून त्याचे अर्धे वस्त्र्याच्या खोबणीत बसवितात व प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे घेतात. संसर्ग टाळण्याच्या दृष्टीने ही पद्धत उत्तमच होय. वस्त्र्याची आकृती जुनी, हात कसबी, परंतु धार कारखान्याची, अशी ही स्थिती आहे. ऑटोस्ट्रॉप आणि रोल्स यांसारख्या रचनांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. धार वापरणाऱ्याच्याच हाती ठेवून तिचे कष्ट तेवढे कमी करावेत, असा एक पर्याय यंत्रविद्येपुढे खरोखरच होता व तो यांत्रिक दृष्ट्या यशस्वीही झाला होता, याचा त्या प्रत्यक्ष पुरावा आहेत.